गच्चीवरचा समुद्र

आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी जो समुद्र केला होता, तो घोट्याच्या वर नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. सोसायटीतले लोक गुडघाभर म्हणतात. म्हणोत!

मुळात दोष माझा नाहीच. आमचा अभिजित हिंजवडीला कॉम्प्युटरमध्ये. (म्हणजे कंपनीत. पण घरी येऊनही तो कॉम्प्युटरमध्येच असतो.) त्या वर्षी मे महिन्यात त्याने आणि सुनेने, मीनलने, गोव्याचा एक रिसॉर्ट पसंत केला. खोलीतून उतरलं की वाळू, वाळूपुढे समुद्र! स्क्रीनवरचे फोटो बघून मी त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं. हसू नका. अख्ख्या संसारात ह्यांनी मला दाखवलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे खडकवासल्याचं धरण. "लाटा कुठायत?" विचारलं, तर म्हणाले, "पाणी तेच असतं."

पण रविवारी अभीने घरातच मीटिंग घेतली (चहा मीच केला) आणि त्यात असं निघालं की ईशान ही 'रिस्क' आहे. ईशान म्हणजे माझा तीन वर्षांचा नातू. आमच्या वेळी मुलाला मूल म्हणत! त्याचा गुन्हा एवढाच, की पायाला वाळू लागली की तो निखाऱ्यावर उभं केल्यासारखा किंचाळायचा. बागेत एकदा चप्पल निघाली, तर रस्त्यावरचे लोक आत आले होते.

"तिथे तो पूर्ण वेळ कडेवर बसून रडणार," मीनल म्हणाली. "त्यापेक्षा महाबळेश्वरला जायचं का, आई?"

महाबळेश्वर! लग्नानंतर जिथे मी स्वेटर घालून, ह्यांच्या मागे एकेक पॉइंट उरकत फिरले, तिथे? पुन्हा?

"शनिवारपर्यंत बुकिंगला हात लावू नका," मी म्हटलं.

सोमवारी ती दोघं कंपनीच्या बसने गेली आणि मी मंडईच्या पिशव्या घेऊन शेजारच्या बांधकामावर गेले.

"वाळू हवी होती हो थोडी."

"किती, आजी?" रखवालदाराने विचारलं.

"समुद्रापुरती."

बिचाऱ्याने सरळ फावडंच माझ्या हातात दिलं. वाळू ह्यांनी वर वाहिली. कुरकुर मी ऐकली. संसारात कामाची वाटणी अशीच असते.

गच्चीच्या कोपऱ्यात वाळू पसरली, पावसाच्या पाइपाच्या तोंडात जुनी चादर कोंबली, टाकीचा नळ सोडला. झाला समुद्र! तर सई, म्हणजे ईशानची मोठी बहीण, पहिलीतली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, समुद्र खारट असतो. पुस्तकात आहे." मग काय, वर्षाचं खडेमीठ ओतलं. करायचं ते प्रामाणिकपणे. लाटांचं खातं ह्यांच्याकडे दिलं होतं. स्टुलावर बसून पायाने पाट हलवायचा.

"अहो, लाट!"

"अग्रलेख वाचतोय."

"लाट आधी!"

पहिल्या दिवशी ईशान चप्पल घालून लांबूनच बघत राहिला. मग एक अंगठा. मग एक पाय. आणि शुक्रवारी, काय सांगू तुम्हाला, फतकल मारून बसला आणि दोन्ही हातांनी वाळू डोक्यावर ओतून घेतली! मी आनंदाने मीनलला फोन करायला खाली धावले. ती मीटिंगमध्ये. एवढी बातमी पोटात राहीना, म्हणून बहिणीला लावला. आमचं बोलणं थोडक्यात होत नाही, हा काही माझा एकटीचा दोष नव्हे.

नळ चालूच होता. ह्यांना पाणी चढताना दिसत होतं. पण ह्यांच्या मते पाणी तेच असतं!

तो समुद्र गच्चीचा उंबरठा ओलांडून जिना उतरला आणि थेट समोरच्या सबनिसांच्या घरात शिरला. उतार तिकडेच आहे. तो बिल्डरने दिलाय, मी नाही! सबनीस आमचे सेक्रेटरी, आणि जन्मभर प्रयोगशाळेत काम केलेले. जिभेवर ठेवल्याशिवाय कशावरही मत देत नाहीत. त्यांनी बोट बुडवलं, चाटलं, आणि आमच्या दारात आले.

"वहिनी, टाकीचं पाणी खारट झालंय."

बोलायची वेळ हीच होती. मी काय बोलले? "अगंबाई!" एवढंच.

पुढे सगळ्या सोसायटीने जो तमाशा केला, त्याला मी जबाबदार नाही. फळ्यावर सूचना लागली, 'पाणी पिऊ नये.' कोणी भरलेले हंडे ओतले, कोणी चढवलेला भात टाकला. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू तर म्हणाल्या, "तरीच माझा सकाळचा चहा खारट लागला!" (सकाळी? समुद्र दुपारचा!) सबनीस टँकरवाल्याला फोन लावणार, एवढ्यात जिन्यावरून ईशान उतरला. अनवाणी. कमरेपर्यंत वाळू, काखेत पाट.

"आजी," तो सगळ्यांदेखत ओरडला, "समुद्र संपला!"

सबनिसांनी त्याच्याकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, लोक समुद्राला जातात. आणत नाहीत."

संध्याकाळी फळ्यावर नवी सूचना होती, 'गच्ची ही गच्ची आहे.' अभी ती वाचून वर आला तो तोंड उघडं टाकूनच. मीनलने मात्र ईशानचे वाळूने भरलेले पाय पाहिले आणि म्हणाली, "बॅगा भरते."

गोव्याला ईशान चपला फेकून सरळ लाटेत! त्याच्यामागे मी, साडी खोचून, विजयी वीरासारखी. लाट आली, गेली, आणि जाताना माझ्या पायाखालची वाळूच घेऊन गेली! हे मला कोणी सांगितलं होतं का? मी अशी किंचाळले की जीवरक्षकाने शिट्टी वाजवली. ईशानने माझं बोट धरलं.

"घाबरू नको, आजी. कोणीतरी पाट हलवतंय."

उरलेले सगळे दिवस मी रिसॉर्टच्या हिरवळीवर बसून काढले. खुर्चीत. चपला घालून. आमचे हे रोज लाटांत उभे! परत येऊन म्हणतात कसे, "पाणी वेगळं आहे गं इथलं."

पुण्याला आलो, तर सबनीस जिन्यातच भेटले.

"काय वहिनी, कसा होता समुद्र?"

"बरा होता," मी मान ताठ ठेवून म्हटलं. "उतार मात्र चुकलाय."

"असं?" सबनीस म्हणाले. "बिल्डर कोण?"