आबांच्या दाढा

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. फौजेतून निवृत्त होऊन ते आष्ट्याजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हापासून भरतीला निघालेली पोरं आमच्या अंगणात यायची. आबा त्यांना उन्हाकडं तोंड करून बसवत आणि ‘आ’ करायला लावत. भरतीत दातांचे पॉइंट मोजतात. पुढच्या दाताला एक, दाढेला दोन. वरचा दात खालच्याला भिडत नसला तर तो धरत नाहीत. मोजून झालं की आबा बजावत, “डाक्टरनं इचारलं दुखतंय का, तर ‘नो सर’! दुखत असलं तरी न्हाई.”

त्यांच्या स्वतःच्या दाढा म्हणजे पहारच. मी लहान असताना ते सुट्टीवर आले की बांधावर बसून ऊस दातांनी सोलायचे. साल निघाल्याचा करकर आवाज यायचा, मग दाढेखाली कडकन कांडं मोडायचं. मऊ गाभा आम्हा भावंडांना, बुडख्याची चिवट कांडी त्यांना. रस कोपरापर्यंत ओघळायचा. तेवढा गोड ऊस मी नंतर खाल्ला नाही.

मी शिरवळला कारखान्यात नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या विम्यात आईवडिलांचे दातही आले. आबांना फौजी दवाखान्याची सोय होती, पण माझ्या नोकरीतून त्यांना काही मिळावं याची मलाच हौस. एका रविवारी गावी जाऊन मी सगळं समजावलं. तपासणी आणि सफाई लगेच. रूट कॅनल, म्हणजे किडक्या दाताची आतली नस काढून पोकळी भरणं, आणि त्यावरची कॅप, यांना वेटिंग पिरियड. आधीपासूनच्या आजाराला तर आणखी थांबायचं.

“आरं, दात समदेच आधीपासनं हायती की,” आबा म्हणाले.

“तुमचा सोभावबी आधीपासनंच हाय,” आई चुलीजवळून म्हणाली, “त्येचं कोण भरतंय का इचारा.”

आम्ही खूप हसलो. निघताना मी सहज म्हणालो, “आबा, वेटिंग संपस्तोवर दाताला हात लावू नगा.”

माझ्या दृष्टीनं तो सल्ला होता. त्यांनी तो हुकूम मानला.

दिवाळीत आई म्हणाली, “ह्ये भाकरी दुधात कुस्करल्याबिगर खात न्हाईत.” वय झालं, असं मी मनात म्हटलं आणि विषय सोडला. पुढं ऊसतोडीच्या दिवसांत गावी गेलो, तर आबा बांधावर विळ्यानं उसाच्या बारीक चकत्या करत होते. एकेक चकती डाव्या गालात ठेवून नुसती चोखत होते. तसंच त्यांना आष्ट्याला दातांच्या डॉक्टरबाईंकडं नेलं.

“दुखतंय का, आजोबा?”

“नो.”

बाईंनी दाढेवर हलकेच ठोकलं. आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून आवाज नाही. एक्स-रे पाहून बाई मला म्हणाल्या, “थोडं आधी आणायचं होतं. ही दाढ काढावीच लागेल. शेजारची रूट कॅनलनं वाचेल, पण आता थांबू नका.”

दाढ काढल्यावर आबांनी माझ्याकडं पाहून बोटानं मनगटावरच्या घड्याळाची खूण केली. वेटिंग अजून बाकी होतं. शेजारच्या दाढेसाठी ते थांबायला तयार होते.

बाहेरच्या बाकावर बसलो. आबांना कापूस दाताखाली दाबून ठेवायचा होता, बोलायचं नव्हतं. म्हणून मला धीर आला असावा. मी म्हणालो, “आबा, वेटिंग म्हंजे कंपनी तवर खर्च देत न्हाई, एवढंच. इलाज कवाबी करता आला असता. मी तुमास्नी नीट सांगितलंच न्हाई. पैसं वाचवाय गेलो आन् तुमची दाढ घालवली.”

समोरच्या रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर खडखडत गेला. मग आबांनी कापूस काढून मुठीत धरला.

“फोनवर दर येळंला मीच म्हणलो न्हवं, ब्येस हाय म्हणून? तुला कळावं कसं?” बधिर ओठातून शब्द घसरत होते. “दुसरीबी लय दिस ठणकतिया रं गड्या. जा, बाईस्नी इचार, आज करत्यात का.”

मी उठलो आणि दार ढकलून आत गेलो.