इंजिनावरचा बांबूवाला

बाळांनो, परवा सणसरमधून जुनं वाफेचं इंजिन ट्रेलरवरून दुरुस्तीला नेत होते. धुराड्याला टेकून एक माणूस बांबू घेऊन बसला होता. रस्त्यात आडवी वायर आली की तो ती अलगद उचलायचा आणि इंजिन पार झालं की वायरीला नमस्कार करायचा.

चौकात आपले शेजारी तात्या आडवे आले. "केबल तुटली तर आमची मॅच बुडंल!"

"मग वर या तात्या. बांबू तुमीच धरा," तो म्हणाला.

तात्या चढले. केबल सुखरूप राहिली, पण ते उतरेनात. "म्होरं बी वायरी हायत की!"

त्याने हसून सरकून जागा दिली.

संध्याकाळी तात्यांचा बारामतीहून फोन आला. मॅच कोणी जिंकली, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.