उपटलेल्या उडदाच्या सहा ओळी

शेतकऱ्याला शिकवायला निघालेल्याने आधी एक पावसाळा निंदणी करावी, असा कायदा मध्य भारत सरकारने करायला हवा. मी केली नव्हती. तरी परचे, म्हणजे शेतीची पत्रकं, लिहायचो, आणि रविवारी शहरातल्या बड्या गणपतीच्या देवळापासून सायकल काढून गावोगाव वाटायचो. "एक शेत, एक पीक! खिचडी शेती बंद करा!" मजकूर एका साहेबाच्या भाषणातून उचललेला, जोर माझा.

चार कोसांवर एका म्हाताऱ्या माळवी बाईचं शेत होतं. मी तिला माँजी म्हणायचो. ती मक्याच्या ओळींमधे उडीद पेरायची. मला ते बघवेना. उडीद मक्याचं अन्न खातो, असं मीच छापलं होतं ना!

राखीला माँजी भावाकडे गेली. मी तिच्या मुलाला तासभर भाषण ठोकलं, आणि आम्ही दोघांनी उडदाच्या सहा ओळी मुळासकट उपटल्या. मुळांवर बारीक गाठी होत्या. "देख भिया, रोग!" मी विजयाने म्हणालो.

माँजी परतली. बांधावरून बघत राहिली.

"यो काम किनने कर्यो?"

"मैंने, माँजी. जड़ में रोग था."

तिने उरलेल्या ओळीतलं एक रोप उपटलं, त्याची गाठ नखाने फोडली. आत लालसर. "यो रोग नी है. इनी गाँठ से जमीन में ताकत आवे." मग माझ्याकडे वळली. "अब साल भर दाल की जगे थारो परचो राँधूँ कईं?"

तिच्या घरात खाणारी पाच माणसं. वर्षाची डाळ याच शेतातून यायची. मी मान खाली घातली. आता हाकलणार, असं वाटलं. तिने माझ्या हातात खुरपं ठेवलं.

"उड़द था तो घास दबी रेती थी. अब थारी छह लाइन तू सँभाल."

दर रविवारी मी गवत काढलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा हजर. भादव्यात पावसाने दडी मारली. तिच्या ओळींत उडदाच्या सावलीखाली माती ओलसर. माझ्या ओळींत बोट जाईल एवढ्या भेगा, आणि मक्याच्या पानांच्या सुरळ्या झालेल्या. "उपाड़ी हुई घास वाँ बिछा," ती लांबूनच ओरडली. त्याने पीक थोडं तरलं.

कापणीला माझ्या ओळींतली कणसं बोटभर, अर्धी पोचट. तिच्या ओळींतली भरलेली, वर उडीद वेगळा. आता सांगा, कोण कोणाचं अन्न खात होतं? हे न तपासता छापणाऱ्यांचा मला आजही संताप येतो, आणि त्यांत पहिला मी.

खळ्यावर तिने माझ्या पिशवीत दोन ओंजळी उडीद ओतला. मी हात आडवा धरला. तुम्हालाच होळीपुढे पुरणार नाही, म्हणालो.

"निंदने वालो खाली हाथ नी जावे," ती म्हणाली.

तिचा उडीद खरंच होळीपर्यंतच पुरला. मग मी आईला सगळं सांगितलं. तिने मला आधी चार शब्द सुनावले, मग आमच्या डब्यातली तुरीची डाळ पिशवीत बांधून दिली. नवा उडीद येईपर्यंत दर रविवारी सायकलला परच्यांऐवजी डाळ असायची.

पहिल्या दिवशी माँजीने ती शिजवली, मलाही वाढली, आणि एक घास खाऊन म्हणाली, "थारा परचा से तो अच्छी सीजी."