तिसऱ्या रिॲक्टरचं पाणी

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या युटिलिटीत, म्हणजे कारखान्याला पाणी पुरवणाऱ्या खात्यात, तर ते पाईपच्या आत गंज बसतो तसे बसत गेले, रोज थोडे, कुणाच्या लक्षात न येता. मग डबा खाताना कोणीतरी एक काढतं, त्याच्यामागून दुसरा निघतो, आणि सुट्टी संपली तरी भाजी तशीच. मी सांगायला लागले की सगळे हसतात. मीही हसते. पण खरं सांगू का, यातला एकही किस्सा घडत होता तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

आधी जागा सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. कारखाना तारापूरचा, नाव राहू द्या. मी पंपहाऊसला. पाणी कूलिंग टॉवरमधून पंपात येतं, पंपातून एका लांबलचक लोखंडी लाईनीत जातं, आणि तिथून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या रिॲक्टरला. रिॲक्टर म्हणजे भलंमोठं बंद पातेलं समजा. आत रसायनं एकत्र आली की ती आपली आपण तापतात. पातेल्याभोवती जॅकेट असतं, त्यातून गार पाणी फिरतं आणि उष्णता घेऊन बाहेर पडतं. पाणी कमी पडलं की ताप चढतो, आणि एका मर्यादेपुढे तो कोणाच्या बापाला आवरत नाही. आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. लांब कुठे धडाम झालं की उमरोळीपासून सालवडपर्यंत घरातली बाई आधी घड्याळ बघते, आपलं माणूस कुठल्या शिफ्टला आहे ते.

तिसरा रिॲक्टर लाईनीच्या अगदी शेवटाला. आणि तिसऱ्यावर ऑपरेटर कोण, तर आमचे हे. पाणी मी सोडायचं आणि ते पोचतंय की नाही ते यांनी बघायचं, असा आमचा संसार.

•

जॅकेटमधून पाणी बाहेर येतं त्या पाईपला हात लावून बघायची आमच्या ऑपरेटर लोकांची जुनी सवय. गेज आहे, काटा आहे, सगळं आहे. पण आधी हात, मग काटा. आणि हाताची मापंही घरातलीच. पाणी चांगलं गार असलं तर "विहिरीएवढं". जरा कोमट लागलं तर "आंघोळीएवढं". आणि हात ठेववत नसला तर "चहाएवढं".

लग्न झालं तेव्हा हे घरी आले की मी विचारायचे, "आज किती?" हे म्हणायचे, "विहिरीएवढं." आणि आम्ही जेवायला बसायचो.

मग कधीतरी विहीर गेली. रोज आंघोळच. मी काळजी केली की म्हणायचे, "काय नाय गं, उन्हाळा हाय." पावसाळा लागला तरी आंघोळच. मी म्हटलं, "अहो, आता कसला उन्हाळा?" तर म्हणाले, "आमटी वाढ."

•

आमचे मेंटेनन्सचे पाध्ये साहेब म्हणजे काळजीचा पुतळा. शिकलेले इंजिनियर, पण बल्ब बदलायचा तरी वरून लेखी परवानगी मागवणार. खिशात आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी कायम. लाईनीत काय होतंय हे त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं, आणि एकदा कॅंटीनमध्ये आम्हांला समजावलं.

"पाणी अगदी हळू जात असेल ना," ते म्हणाले, "तर ते थरांथरांनी सरळ सरकतं. भिंतीलगतचा थर जवळपास उभाच असतो, बाकीचे त्याच्यावरून घसरत जातात. मग पाईप आतून गुळगुळीत की खरखरीत, त्याला फारसा फरक पडत नाही. पण वेग वाढला की पाणी घुसळायला लागतं, भोवरे होतात. तेव्हा गंजाचा प्रत्येक उंचवटा त्याला अडवतो. आपल्या लाईनीत पाणी घुसळतच जातं. आणि आतून ती लाईन खरखरीत झाली आहे."

मला लगेच कळलं. माझं माहेर एडवणचं. वाडीत सिमेंटने गिलावा केलेल्या पाटातून पाणी सरसर जायचं, आणि दगडधोंड्यांच्या पाटातून शेवटच्या माडापर्यंत पोचता पोचता जीव जायचा.

पंपावरचा रामसजीवन मन लावून ऐकत होता. तो म्हणाला, "मतलब साहब, धीरे चलो तो कोई परेशानी नहीं. जल्दी करो तो हर कोई टाँग अड़ाता है."

पाध्ये साहेबांनी एक गोळी काढली. म्हणाले, "हो. हे जरा देसाई साहेबांना सांग."

•

देसाई साहेब म्हणजे आमचे प्लांट हेड. माणूस वाईट नाही, पण त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, पुढची तारीख. लाईन बदलायची तर प्लांट बंद ठेवावा लागणार. "दिवाळीनंतर बघू." दिवाळी झाली की, "मार्च होऊ दे." मार्च झाला की पुन्हा दिवाळीच.

त्यात दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. पूजेच्या आधी सगळ्या पाईपांना रंग द्यायचा, पाण्याच्या लाईनीला हिरवा. वर झेंडूची माळ. वर्षानुवर्षं रंगावर रंग चढून ती लाईन बाहेरून अशी तुळतुळीत झाली होती की त्यात तोंड बघावं.

एका साली हेड ऑफिसहून ऑडिटला लोक आले. देसाई साहेब त्यांना घेऊन आले आणि लाईनीवरून कौतुकाने हात फिरवत म्हणाले, "बघा, इतकी जुनी लाईन, पण किती स्मूथ!" पाहुण्यांनीही हात फिरवला. माना डोलावल्या. काहीतरी चांगलं लिहूनही घेतलं.

पाध्ये साहेब मागे उभे होते. अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, पाणी आतून जातं."

•

तरी पाध्ये साहेब भुणभुण लावून बसले होते, म्हणून एक कन्सल्टंट बोलावला. भला मुलगा होता. लॅपटॉप उघडला, लाईनीची लांबी टाकली, व्यास टाकला, पंप टाकला. पाईप आतून किती खरखरीत आहे हेही त्या सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. तिथे त्याने यादीतला पहिलाच पर्याय दाबला. नवा लोखंडी पाईप. पाध्ये साहेब म्हणाले, "अहो, तो नवा नाही." तो म्हणाला, "सर, जुन्याचा आकडा नक्की किती धरायचा? आत कोणी बघितलंय?"

बघितलं तर कोणीच नव्हतं. बघायचं तर कापायला हवा, आणि कापायचा तर दिवाळीनंतर.

उत्तर आलं, तिसऱ्या रिॲक्टरला भरपूर पाणी पोचतंय. देसाई साहेब खूश. तो कागद घेऊन स्वतः तिसऱ्यावर गेले आणि यांना दाखवला. "राऊत, बघा. पाणी पोचतंय."

आमच्या ह्यांनी कागद नीट वाचला, परत दिला. म्हणाले, "बरा हाय साहेब. मग उद्याची बॅच पण कागदावरच घेऊ."

हे मला घरी येऊन सांगितलं आणि स्वतःच हसले. मी नाही हसले. मी विचारलं, "आज किती होतं?"

म्हणाले, "आंघोळीएवढं." मग जरा थांबून म्हणाले, "कडक आंघोळ."

•

शेवटी लाईनीऐवजी पंप बदलायचं ठरलं. पंप एका दिवसात बसतो ना. पाध्ये साहेब जीव तोडून सांगत होते की अशा लाईनीतून दुप्पट पाणी न्यायचं तर चौपट जोर लावावा लागतो, जास्तीचा सगळा जोर घासण्यातच जातो. ऐकतो कोण? मोठा पंप आला. नारळ फुटला. देसाई साहेबांनी पांढऱ्या शर्टात, हसतमुखाने बटण दाबलं.

पंप गुरगुरला. लाईन थरथरली. आणि पहिल्या रिॲक्टरजवळच्या जोडातलं गॅस्केट फुटून पाण्याचा फवारा थेट पूजेच्या ताटावर आणि देसाई साहेबांवर. हिरव्या रंगाचे पोपडे सुटून आले होते, त्यातला एक त्यांच्या चष्म्यावर चिकटला.

रामसजीवनने पंप बंद केला आणि शांतपणे म्हणाला, "पानी तो बहुत आया साहब. बस, बीच में ही उतर गया."

जोड दुरुस्त झाला. तिसऱ्याला पाणी वाढलं, नाही असं नाही. पण थोडंसंच. माझी झोप उडाली ती उडालीच. हे शिफ्टला निघाले की मी दारात उगाच काहीतरी विचारत राहायचे. डबा घेतला का, रुमाल घेतला का. यांनाही ते कळायचं. चप्पल घालून झाली तरी उभे राहायचे, मला विचारू द्यायचे.

•

मग ती दुपार.

मी पंपहाऊसला होते. दुसरा रिॲक्टर रिकामा. पहिल्यात काम होऊन तयार माल नुसता थंड होत होता. तिसऱ्यात बॅच रंगात आलेली. एवढ्यात वॉकीवर यांचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरले. "तिसऱ्याचं टेंपरेचर वर चाललंय. रसायन सोडायचं मी बंद केलंय. पण जे आत हाय ते तापतंय. पाणी वाढवा."

मी गेज बघितलं. पंप होता नव्हता तेवढा जोर लावत होता. आणखी पाणी द्यायचं कुठून? द्यायचं तर एकच, पहिल्याचं पाणी तोडायचं. पण मग पहिल्यातला माल खराब होणार, आणि चालू बॅचचं पाणी तोडायचं तर देसाई साहेबांच्या सहीशिवाय हात लावायचा नाही असा नियम. साहेबांचा फोन एंगेज.

मी वॉकीवर विचारलं, "किती?"

"चहाएवढं."

मला पुढचं काही ऐकू येईना. पाध्ये साहेब कुठून धावत आले कोण जाणे. मी म्हटलं, "साहेब, सही..." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पहिल्याच्या व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवायला लागले. चाक जाम. रामसजीवन धावला, मीही धरलं. तिघांनी मिळून ते फिरवलं. लाईनीतला आवाज बदलला.

"अहो, किती?"

"चहाएवढंच हाय."

पाध्ये साहेब चाकावर कपाळ टेकून उभे. मी देवाचं नाव घेत होते की यांचं, आठवत नाही.

"किती?"

उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. रामसजीवन पुटपुटत होता, "भाभी, घबराओ मत."

मग वॉकी खरखरली. "आंघोळीएवढं. काटा पण उतरतोय."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि रडले. लाज वाटली नाही.

थोड्या वेळाने देसाई साहेब आले ते भडकूनच. "पहिल्याचं पाणी कोणी बंद केलं? बॅच गेली ना!"

बल्बसाठी परवानगी मागणारे आमचे पाध्ये साहेब. त्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मी केलं. बॅच गेली, साहेब. बॅचच गेली."

देसाई साहेब पाठ वळवून तिसऱ्याकडे बघत राहिले. दिवाळी अजून लांब होती, पण दुसऱ्या दिवशी प्लांट बंद झाला.

•

लाईन कापली तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. एडवणला ओहोटीच्या वेळी खडकांवर कालवं चिकटलेली दिसतात ना, आतून पाईप तसा होता. गंजाचे गुठळेच गुठळे. जिथून डोकं जावं तिथून मूठ जेमतेम गेली असती. बाहेरून मात्र हिरवागार, तुळतुळीत.

देसाई साहेबांनी आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोटांवर ओरखडे होते. रुमाल गुंडाळून ते निघून गेले.

नवी लाईन जोडून पाणी सोडलं त्या दिवशी मी पंप सुरू केला आणि धावत तिसऱ्यापाशी गेले. पाध्ये साहेब आधीच तिथे होते, आणि ही लाईन आतून खराब व्हायला किती वर्षं लागतील याची काळजी त्यांनी तिथूनच सुरू केली होती. देसाई साहेबही आले, या वेळी नारळ नाही, माळ नाही. वर शिडीवर आमचे हे.

देसाई साहेबांनी विचारलं, "राऊत, किती?"

यांनी गेजकडे बघितलंच नाही. जॅकेटमधून बाहेर येणाऱ्या पाईपवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. मग साहेबांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "विहिरीएवढं."

मी तोंडाला पदर लावला.

साहेबांना काही कळेना. त्यांनी पाध्ये साहेबांना विचारलं, "विहिरीएवढं म्हणजे किती डिग्री?" पाध्ये साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला विचारलं. मी वर यांच्याकडे.

हे वरून म्हणाले, "हात लावून बघा ना, साहेब."

साहेब शिडी चढले. हा पाईपही नवा, त्याला हिरवा रंग अजून द्यायचा होता, गंज धरू नये म्हणून नुसतं लाल रेड ऑक्साईड मारलेलं, तेही ओलं. साहेबांनी ओरखडे असलेला हात त्याच्यावर ठेवला. सगळा तळवा यांच्यासारखाच लाल झाला, पांढऱ्या बाहीला लागला.

साहेबांनी हात काढला नाही.