न उघडायची पिशवी

माझे सासरे जहाजावर चीफ इंजिनिअर होते. जपानमधल्या एका बेटावर एक जुनं शिंतो देऊळ आहे. लढाई जिंकून आलेले योद्धे तिथे आपली चिलखतं वाहायचे, खलाशी समुद्रावर निघण्याआधी डोकं टेकून जायचे. तिथून सासऱ्यांनी रक्षणासाठीची, ताईतासारखी, बोटभर लांबीची एक रेशमी पिशवी आणली होती. आमच्या जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या घरातही ती देव्हाऱ्यात, गणपतीशेजारी असायची. रोज गंध लावून लावून तिचं रेशीम कडक झालं होतं.

अशी पिशवी उघडायची नसते, आणि तिचं काम संपलं की देवळाला परत करायची असते, हे मला ऑफिसातल्या जपानी मैत्रिणीने सांगितलं. सासऱ्यांना ते ठाऊकच होतं. "मी गेल्यावर तुम्ही फेकूनच द्याल. त्याआधी जाऊ दे तिच्या ठिकाणी," ते म्हणाले. मैत्रीण शनिवारी जपानला निघणार होती, न्यायला आनंदाने तयार झाली. त्या दिवशी सासरे कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

शुक्रवारी संध्याकाळी मी पिशवी रुमालात बांधत होते, तेवढ्यात नवरा कामावरून आला. तो शाळेत असताना त्याची आई वारली आणि वडील तेव्हा समुद्रावर होते, हे तो विसरायला तयारच नव्हता. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, ओट्यावरची कात्री उचलली आणि वडिलांसमोर ती कापली. आतून लाकडाची एक चपटी ढलपी पडली.

"बघा बाबा, हे तुम्हाला सांभाळत होतं. आईला कोण सांभाळत होतं?" मग कचऱ्याच्या डब्यांकडे वळून मला म्हणाला, "तर मग, रेशीम रेस्टम्यूलमध्येच ना, उरल्यासुरल्या कचऱ्यात?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी नीच थट्टा मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

सासऱ्यांचा आवाज मात्र शांत होता. "कापलंसच, तर ऐक. ती गेली तेव्हा जहाज मुंबईच्या गोदीत होतं. निरोप मिळाला होता मला. यायचं नव्हतं, म्हणून आलो नाही."

नवऱ्याने कात्री जागेवर ठेवली. हात धुतले. "वाढ," तो मला म्हणाला. सासरेही नेहमीसारखे खुर्ची ओढून बसले.

सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलं होतं. त्यांच्यासाठी मला भडभडून आलं. भाताचा कुकर झाला होता. मी शेगडी बंद केली आणि दोघांनाही वाढलं नाही.