श्रीनाथचा चाकवत

आमचा श्रीनाथ सबनीस म्युनिकच्या एका संस्थेत जर्मनीच्या जमिनीचं भविष्य सांगतो. २०७० साली कुठे शेत असेल, कुठे जंगल, कुठे घरं, हे त्याचं मॉडेल उपग्रहाच्या चित्रांवरून ठरवतं. कौतुक आहेच, पण कुंडीतली तुळस त्याला कधी जगवता आली नाही, हे मित्र म्हणून मला सांगायलाच हवं.

तरीही, बरीच वर्षं रांगेत थांबून, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या कडेला बागांच्या वसाहतीत त्याला भाड्याने एक तुकडा मिळाला. तिथला एक नियम फार कडक. एक तृतीयांश जागेत भाजी किंवा फळं हवीत, नाहीतर बाग परत. त्याने टोमॅटो लावले, ते गोगलगायींनी खाल्ले. मेमध्ये मात्र चाकवत आपोआप उगवला आणि गडी हरखला. त्याने तो ओळींत लावला, पाणी घातलं, आम्हाला रोज फोटो पाठवले. इथे चाकवताला तण म्हणतात, हे या भूमितज्ज्ञाच्या गावीही नव्हतं.

जूनमध्ये आम्ही बागेत असताना वसाहतीचे अध्यक्ष हेर ब्रुनर पाहणीला आले.

"हेर सबनीस, हे सगळं तण आहे. बाग सोडावी लागेल."

श्रीनाथचा चेहरा एवढासा झाला. मलाही वाईट वाटलं. जीव लावला होता त्याने त्या मातीला.

"आल्झो, थांबा," म्हणत त्याने लॅपटॉप उघडला. "माझ्या मॉडेलमध्ये बघा, ही शेती आहे."

नकाशात त्याची बाग करडी दिसत होती. खाली सूची होती: करडा म्हणजे पडीक.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ब्रुनर म्हणाले.

"मॉडेल चुकलंय!" श्रीनाथ ओरडला.

"अच्छा. मग २०७० चं काय?"

मी हसू दाबायला झारी भरायला गेलो.

शेवटी त्याची बायको अरुंधती हिने आमच्या जेवणाचा डबा उघडला आणि ताकातला चाकवत ब्रुनरांपुढे केला. त्यांनी आधी चमचाभर घेतला, मग वाटीभर, मग डबाच ओढला.

"भाजी आहे," त्यांनी तोंड पुसत जाहीर केलं. बाग वाचली. श्रीनाथने आनंदाने मला चिखलासकट मिठी मारली.

बातमी वसाहतभर झाली. शनिवारी बघतो तर सगळे शेजारी आपापल्या बागेतला चाकवत उपटून, बादल्या भरभरून कुंपणाशी उभे.

"हेर सबनीस, तुमची भाजी!"

तण म्हणून परत पाठवायची सोय त्याने स्वतःच घालवली होती. अरुंधतीकडे न बघता, "डांके, डांके" असे आभार मानत त्याने एकेक बादली आत घेतली.