पूर्वजांची भाकर

झेवदने मेंगिस्टू यांनी आरोग्य कचेरीत आकड्यांच्या टेबलावर एकतीस वर्षे काढली. खालून आलेले आकडे वर पाठवायचे आणि वरून आलेला राग खाली, एवढीच त्यांची कामगिरी. स्वतःचा असा निष्कर्ष त्यांनी एकदाही काढला नव्हता. निवृत्तीला चार महिने उरले असताना गोंदार शहराच्या आरोग्य मेळाव्यात कर्मचाऱ्यांनी निबंध वाचावेत असे पत्रक निघाले. जाता जाता एक तरी शोध आपल्या नावावर असावा, असे त्यांच्या मनाने घेतले.

विषय मात्र पोटातून आला. डॉक्टर यारेद यांनी त्यांची साखर पाहून जेवणातला दुसरा इंजेरा बंद केला होता. टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा परातीएवढा मऊ घावन, तो एकावर थांबवायचा, हे झेवदने यांना इतिहासाला धरून वाटेना. आपले पूर्वज एका इंजेऱ्यावर हे डोंगर चढले असतील?

पुरावा चर्चच्या भिंतीवर होता. येशू आणि बारा शिष्य अखेरच्या जेवणाला बसलेले, मध्ये गोल भाकर. हे चित्र प्रत्येक चर्चमध्ये असतेच. भाकरीची रुंदी घ्यायची आणि तिला येशूच्या डोक्याच्या रुंदीने भागायचे. माणसाचे डोके काही शतकागणिक वाढत नाही. ही युक्ती सुचली त्या दिवशी झेवदने स्वतःवर इतके खूश झाले की दुसरा इंजेरा मागून बसले. मिळाला नाही.

त्यांनी चार चर्चची मापे घेतली, तीही आडवारी, दुपारी, राखणदाराच्या हातापाया पडून. रविवारी कधीच नाही. खाऊन आलेल्याने प्रार्थनेच्या वेळी आत जायचे नाही, अंगणात झाडाखाली उभे राहायचे, हा रिवाज. आणि झेवदने न्याहारी चुकवणाऱ्यांतले नव्हते.

बारा वर्षांपूर्वीच्या चर्चमध्ये भाकर डोक्याच्या निम्मी निघाली. मधल्या दोन चर्चमध्ये साधारण डोक्याएवढी. तीनशे वर्षांच्या सर्वांत जुन्या चर्चमध्ये मात्र भाकरीत दोन डोकी मावत होती. ‘तीन शतकांत आपला आहार चौपटीने घटला आहे,’ असे त्यांनी लिहिले आणि खाली दुहेरी रेघ मारली.

बायकोला, वगायेला, त्यांनी ते वाचून दाखवले.

“म्हणजे तुझा खापरपणजा तुझ्या चौपट खायचा?” ती मसूर निवडता निवडता म्हणाली. “मग दारातून आत कसा यायचा तो?”

“तुला शास्त्र कळत नाही.”

“मला भूक कळते. उपाशी लोकांच्या भिंतीवरून पोटभर जेवलेल्या माणसाने शास्त्र काढलंय. मेळावा सोमवारी ना? रविवारी एकदा न खाता चल माझ्याबरोबर, मग खुशाल वाच.”

रविवारी पहाटे झेवदने त्या सर्वांत जुन्या चर्चमध्ये अनवाणी शिरले, तेव्हा पोटात कावळे नाही, गिधाडे ओरडत होती. लांबलचक प्रार्थनेत टेकायला मिळणाऱ्या काठीवर रेलून ते चित्राशेजारी उभे राहिले. प्रार्थना संपली आणि माणसे रांगेने भिंतीशी आली. भिंतीचे चुंबन घेत, भाकरीवर बोटे फिरवत, तीच बोटे ओठांना लावून पुढे सरकत. एका म्हातारीने तर अख्खा तळवा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही.

शेजारी चर्चचे पंडित, मेरीगेता तिबेबू, उभे होते. चर्चच्या चित्रांची डागडुजी करणारे जुने जाणकार.

“हे नेहमीच असं चालतं?” झेवदने यांनी विचारले.

“तुम्ही अंगणातले लोक, गाशे, तुम्हाला कुठून दिसणार?” वडीलधाऱ्याला मारावी तशी हाक मारत तिबेबू हसले. “हात लागून लागून भाकर पुसली जाते. भोवती काळा डाग पडतो. तो झाकायला नवी भाकर जरा मोठी काढावी लागते. माझ्या आज्याने काढली, बापाने काढली, मी दोनदा. अजून दोन पिढ्या गेल्या तर शिष्यांना बसायला जागा उरायची नाही.”

“आणि बारा वर्षांच्या चर्चमध्ये?”

“तिथं अजून पुसून जाण्याइतके हात लागले नाहीत.”

झेवदने यांना घाम फुटला, आणि तो साखरेचा नव्हता. कार्यक्रमपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकाला त्यांचे नाव छापलेले होते. आयुष्यात प्रथमच छापलेले. निबंध तसाच वाचला तर कुणाला कळणार होते? तिबेबू काही मेळाव्याला येणारे नव्हते.

सोमवारी ते उभे राहिले. आकडे वाचले, दुहेरी रेघेपर्यंत आले.

“इथे माझा निष्कर्ष होता,” ते म्हणाले. “तो चुकला आहे. मी जेवण मोजतोय असं समजत होतो, मोजत होतो ती लोकांची बोटं. हे मला आधी दिसलं नाही, कारण प्रार्थनेआधी मी घरी न्याहारी करत असे.”

सभागृह खदखदून हसले. डॉक्टर यारेद तर चष्मा पुसू लागले. झेवदने कागद गुंडाळून खाली उतरणार, तोच मागच्या रांगेतून एक वयस्क परिचारिका उठली. ‘अडानेच’ हे तिचे नाव.

“मीही लावलाय त्या भाकरीला हात,” ती म्हणाली. “लहान होते. आई उचलून धरायची.”

“तुमच्या घरी तेव्हा काय जेवत?” झेवदने यांनी सवयीने विचारले.

“काही नव्हतं, गाशे. म्हणून तर लावायचो.”

झेवदने यांनी खिशातून पेन काढले, दुहेरी रेघेखाली नवा निष्कर्ष म्हणून तिचे नाव आणि ते वाक्य लिहिले, आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायची परवानगी अध्यक्षांकडे मागितली.